कुलपातली मिशी

ताईंनी उभ्या आयुष्यात एकही कुलूप फोडलं नाही. कुलपाशी भांडायचं नाही, वळसा घालून पुढे जायचं, हा त्यांचा स्वभाव. लहानपणी थोरल्या बहिणीने आपली बाहुली पेटीत घालून कुलूप लावलं, तेव्हा त्या रडल्या नाहीत. पेटीच्या फटीतून बाहुली नीट पाहून घेतली आणि चिंध्यांची दुसरी केली. तिचं नाक मात्र जरा मोठं केलं, कारण थोरलीचं नाक मोठं होतं. थोड्याच दिवसांत थोरली पेटीतली बाहुली विसरली आणि त्या नाकाडीसाठी हटून बसली.

लग्न होऊन आल्या, तर सासूबाई बिस्किटांचा डबा कपाटात कुलपात ठेवायच्या. ताईंनी हुबेहूब तसाच डबा आणला, उघड्या फळीवर ठेवला आणि त्यात जरा बरी बिस्किटं भरली. तेव्हापासून सासूबाई दुपारी पावलं न वाजवता त्या फळीपाशी जातात. झाकण लागल्याचा आवाज आला की ताई मुद्दाम मोठ्याने खोकतात. या विषयावर दोघींमध्ये आजवर एक शब्द झालेला नाही.

अशा बाईला नोकरी मिळाली ती कुलपांच्या घरातच.

कंपनी छोटी. दोन मजले; खाली जोडणी, वर नकाशे. पाण्याचा पंप आपोआप बंद करणारी पेटी, लिफ्टचं पॅनेल, दवाखान्यातला वजनकाटा, अशा वस्तूंच्या पोटात जी हिरवी पाटी असते, म्हणजे सर्किट बोर्ड, तिचा नकाशा ताई काढायच्या. हे काम संगणकावर होतं. त्यात प्रत्येक सुट्या भागाचं चित्र आधीच तयार असतं: पाय किती, पायांसाठी भोकं कुठे, बोर्डावर त्याच्याभोवती पांढरी रेघ कुठली छापायची. चित्रांच्या या साठ्याला लायब्ररी म्हणतात. साठ्यातून भाग उचलायचा, पाटीवर ठेवायचा आणि तांब्याच्या रेघांनी एकमेकांना बांधायचा. संसारच तो, फक्त भांडणं कमी.

कंपनीच्या लायब्ररीला साहेबांनी कुलूप घातलं होतं. भाग घ्या, वापरा, पण हात लावू नका. बदल हवा असेल तर मंजुरी समितीकडे अर्ज करा. समितीत एकच माणूस होता, साहेब. ते अर्ज घेत, उजव्या मिशीला पीळ देत आणि म्हणत, ''बघू.'' साहेबांच्या मिशा झुपकेदार होत्या. विचार करताना ते नेहमी उजवंच टोक पिळायचे. त्यामुळे उजवं टोक कायम आकाशाकडे, आणि बिचारं डावं, कुणी न विचारल्यासारखं, खाली ओघळलेलं.

गोष्ट सुरू झाली ती वीज आत घेणाऱ्या सॉकेटवरून. लायब्ररीतल्या चित्रात त्याची भोकं केसभर लहान होती. खाली जोडणी करणाऱ्या मावशी रोज वर येऊन ताईंच्या टेबलावर एक सॉकेट आपटायच्या.

''ताई, हे घाला बघू तुम्हीच. पाय मोडतात त्याचे. अंगठा सोलला माझा.''

''अर्ज केलाय मावशी.''

''मग अर्ज घालते त्या भोकात.''

ताईंनी वळसा घातला. कुलपातलं चित्र बदलता येत नाही, पण त्याची नक्कल आपल्या लायब्ररीत ठेवता येते आणि नकलेला कुलूप नसतं. त्यांनी स्वतःची एक लायब्ररी उघडली आणि तिचं नाव ठेवलं 'रद्दी'. त्या नावाच्या कपाटात साहेब डोकावणार नाहीत, ही खात्री. सॉकेटची नक्कल तिथे आणली, भोकं केसभर मोठी केली. काम झालं.

मग दुपार झाली. ती दुपार फार रिकामी होती. पंखा फिरत होता, पण वाऱ्याला कुठे जायचं नव्हतं. पडद्यावर ते सॉकेट काळ्या पोकळीत एकटंच तरंगत होतं: शेजारीशेजारी दोन गोल भोकं आणि भोवती पांढरी चौकट. ताई त्याच्याकडे बघत बसल्या आणि ते ताईंकडे. डोळेच होते ते. त्यांच्याखाली बरीच जागा मोकळी होती. ताईंचा हात माऊसवर गेला आणि छपाईच्या पांढऱ्या थरात, डोळ्यांखाली, एक मिशी उमटली. उजवं टोक वर, डावं खाली.

समोरच्या टेबलावरच्या घाऱ्याने मान लांब करून पाहिलं. तोही नकाशेच काढायचा, पण जास्त वेळ लोकांच्या पडद्यात असायचा. ''अगंबाई! साहेब!''

''ओरडू नकोस मेल्या. पुसतेय.''

आणि त्यांनी खरोखर पुसली. पण नकाशात ठेवलेल्या सॉकेटांवरची पुसली, रद्दीतल्या मूळ चित्रावरची राहिली. या धंद्यातच होणारी चूक ती. दुसऱ्या दिवशी नकाशा कारखान्याला पाठवायच्या आधी घाऱ्याने सवयीने 'लायब्ररीप्रमाणे ताजं करा' हे बटण दाबलं आणि पाटीवरच्या प्रत्येक सॉकेटला रातोरात मिसरूड फुटावं तशी मिशी फुटली. बोर्ड छापून आले तेव्हा ताईंनी खोका उघडला, एक पाटी वर काढली, परत ठेवली आणि खोक्याचं झाकण हाताने दाबून धरलं, जणू आतून कुणी बोलेल.

खालून हसण्याचा आवाज आला. मग मावशी वर आल्या.

''ताई, देव तुमचं भलं करो. सॉकेट कसं सुळकन बसतं. आणि त्या मिशीचं तर काय सांगू! आधी आमच्याकडून उलटं लागायचं, पाटीवरची चौकट दोन्हीकडून सारखीच दिसते ना. आता मिशी खाली, की साहेब सरळ! एकही उलटं गेलं नाही.''

''पुढच्या वेळी काढून टाकणार आहे मी ती.''

''काढा, आणि मग उलटी लागलेली सॉकेटं तुम्हीच उपटत बसा.''

ताईंनी रद्दीतून मिशी काढलीही. उपयोग शून्य. तोवर घाऱ्याने ते सॉकेट आपल्या साठ्यात नेलं होतं, त्याच्याकडून आणखी दोघांनी, आणि ज्याला त्याला मोठी भोकं आणि मिशी दोन्ही हवी होती. पंपात मिशी गेली, लिफ्टमध्ये गेली, वजनकाट्यात गेली. लोक वजनकाट्यावर उभे राहून आकडा बघत आणि खिन्न होत. पायाखाली साहेब निर्विकारपणे त्यांच्याकडे पाहत असत. साहेबांना पत्ता नव्हता. ते फक्त बंद पेट्या पाहायचे, त्याही चष्म्याशिवाय.

अशी काही वर्षं गेली. ताईंचा नवरा शिडीवरून पडला, पाठीने अंथरूण धरलं आणि घर ताईंच्या पगारावर आलं. अंथरुणावरून तो रोज विचारायचा, ''काय म्हणतात तुझे मिशीवाले?'' ताई सांगायच्या आणि तो पाठ सांभाळत, हळू हळू, तुकड्या तुकड्याने हसायचा. पण हल्ली सांगून झालं की ताईंना झोप लागायची नाही. आता ही नोकरी गेली, तर या घरात हसण्यासारखंही काही उरणार नव्हतं.

आणि मग कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून निरोप आला. त्यांच्या तपासणीच्या बाई येणार होत्या. बोर्ड उघडून, भिंगाखाली धरून बघणार होत्या. साहेबांनी सगळ्यांना जमवलं. ''नमुन्याचे बोर्ड माझ्या टेबलावर मांडा. मी स्वतः एकेक दाखवणार. भिंग मीही आणलंय.''

ताईंनी घाऱ्याला जिन्याकडे खूण केली.

जेवणाच्या सुट्टीत त्या, घाऱ्या आणि मावशी खालच्या खोलीत दार लावून बसले. समोर नमुन्यांचा ढीग, हातात ब्लेड. पांढरी छपाई खरवडून निघते, हे मावशींना ठाऊक होतं. तिघांनी साहेबांची दाढी करायला घेतली.

''साबण लावू का?'' घाऱ्या म्हणाला.

''हात चालव.''

''गालाला लागलं हो ताई. रक्त येतंय, हिरवं.''

''घाऱ्या, माझ्या पोटावर पाय यायची वेळ आलीय, आणि तुला...'' ताईंनी पुढची पाटी ओढली. घाऱ्याने मान खाली घातली आणि मग मुकाट्याने, अगदी न्हाव्याच्या नजाकतीने, उरलेल्या मिशा उतरवल्या. मावशी मात्र प्रत्येक पाटी हातावेगळी करताना हळूच म्हणायच्या, ''माफ करा हं साहेब.''

तपासणीच्या बाई आल्या. शिडशिडीत, केस आखूड, आवाज कोरडा. साहेबांनी खुर्ची दिली, बाई बसल्या नाहीत. पहिला बोर्ड भिंगाखाली धरला. दुसरा धरला. तिसरा धरून खिडकीपाशी गेल्या. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. साफ झालंय, काही दिसत नाही, असं त्या मनाला बजावत होत्या.

''हे तुमचेच बोर्ड?'' बाईंनी विचारलं.

''म्हणजे काय! आमचेच.''

''मला नाही वाटत.'' बाईंनी पिशवीतून एक जुना, धुळकटलेला बोर्ड काढला. ''आमच्याकडे जे वापरात आहेत, त्या सगळ्यांवर सॉकेटखाली ही खूण आहे. आमची माणसं ती बघून जोडणी करतात, मिशी खाली. बाजारात तुमच्या नावाचा नकली माल आलाय, त्यावर ही खूण नाही. आणि या नमुन्यांवर तर खूण होती, कुणीतरी खरवडून काढलीय. ब्लेडचे ओरखडे दिसतायत. तुम्ही मला काय दाखवताय?''

खाली मावशींच्या हातातून चिमटा पडला, तो वर ऐकू आला.

साहेबांनी तो जुना बोर्ड घेतला. भिंग लावलं. बराच वेळ ते त्या दोन डोळ्यांकडे पाहत राहिले. मग त्यांचा हात, त्यांना न विचारता, उजव्या मिशीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. उजवं टोक वर, डावं खाली. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. घाऱ्या छताकडे पाहू लागला. ताईंनी डोळे मिटले.

''बरोबर आहे,'' साहेब म्हणाले. ''ही आमची खूण आहे.''

बाईंनी भुवई उचलली. ''मग खरवडली कशाला?''

''नमुने...'' साहेबांनी घसा खाकरला. ''नमुने बाहेर जातात. नक्कल होऊ नये म्हणून.''

बाईंचा चेहरा तेवढ्यापुरता मऊ झाला. ''कल्पना चांगली आहे. आम्ही ही खूण करारातच घालून टाकतो. इथून पुढे हीच, अशीच. रेघसुद्धा बदलायची नाही.''

त्या गेल्यावर साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

''ताई.''

''हो साहेब.''

''डावं टोक खाली का आहे?''

ताईंनी ठरवलं होतं, पाया पडायचं, चूक झाली म्हणायचं, नवऱ्याची पाठ सांगायची. यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. ''तुमचं आहे तसंच काढलंय साहेब,'' त्या म्हणाल्या. ''मनाचं काही घातलं नाही.''

साहेबांची पाठ थोडी हलली. हसले की काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. ''ते सॉकेट कंपनीच्या लायब्ररीत टाका. भोकांसकट. आणि कुलूप घाला. उद्यापासून कुणीही, तुम्हीसुद्धा, त्याला हात लावायचा नाही.''

''समितीची मंजुरी?''

''दिली,'' साहेब म्हणाले. ''जा आता.''

त्या संध्याकाळी नवरा इतका हसला की पाठीला उसण भरली आणि सासूबाईंनी आतून ओरडून विचारलं, कोण गेलं म्हणून.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण माणूस आरशात बघतो. चार दिवसांनी साहेब कामावर आले ते दोन्ही टोकं वर करून. डाव्याला मेण लावलेलं होतं. दिवसभर ते डाव्या हाताने डावं टोक पिळायला शिकत होते आणि त्यात दोनदा चष्मा पाडला. संध्याकाळी ते ताईंच्या टेबलापाशी येऊन उगाच पडद्याकडे पाहत उभे राहिले.

''ते डावीकडचं,'' ते हळूच म्हणाले, ''जरा उचलता येईल?''

ताईंनी सॉकेटवर माऊस नेला. बाजूला छोटंसं कुलूप उमटलं. ''बंद आहे साहेब.''

''कुलूप माझंच आहे ना!''

''आहे. पण खूण करारात गेलीय. रेघ बदलली की बाईंची सही लागेल.''

''मग बाईंना काय सांगायचं?''

''तुमच्या मिशा बदलल्या, असं.''

साहेबांनी उजव्या मिशीला पीळ दिला. ''बघू,'' म्हणाले.

नंतर बाई वर्षातून एकदा यायच्या आणि बोर्डावरून नजर उचलून साहेबांकडे पाहायच्या, मग परत बोर्डाकडे. खूण जुळते का, हे पाहणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. दुसऱ्याच भेटीनंतर साहेबांनी मेण सोडून दिलं. साहेबांच्या बायकोने मावशींना पुढे सांगितलं, की आता घरातून निघण्याआधी साहेब आरशासमोर उभे राहतात आणि ओल्या बोटाने डावं टोक खाली ओढून बसवतात, करारात आहे तेवढं.

ताईंची नोकरी टिकली. रद्दीसुद्धा टिकली. परवा घाऱ्याने मान लांब करून पाहिलं, तर त्यात भोंग्याचं नवीन चित्र होतं. कंपनीच्या लायब्ररीतल्या भोंग्याचं भोक फार छोटं, आवाज कोंडतो, म्हणून ताईंनी ते मोठं केलेलं. एक मोठं गोल भोक. वासलेलं तोंडच ते.

घाऱ्याने पाहिलं, ताईंनी पाहिलं. वर बरीच जागा मोकळी होती.

''कोण?'' घाऱ्याने कुजबुजत विचारलं.

''अजून ठरवलं नाही,'' ताई म्हणाल्या, आणि त्याच्या घाऱ्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.