देवळीची सडक आणि माईंचं गाठोडं

पुण्याहून निघालो तेव्हा ट्रंकेत माझे कपडे थोडे आणि सायकलीचं सामान फार, अशी परिस्थिती होती. नवख्या सायकलस्वारानं काय घालावं, बरोबर काय न्यावं, या विषयावर पुण्यात माझ्याइतकं बोलणारा माणूस विरळा. माझ्याइतकी कमी सायकल चालवणाराही विरळाच, पण तो प्रश्न सुदैवानं कुणी विचारत नाही. त्यामुळे वर्ध्याहून माझ्या थोरल्या बहिणीनं, कुसुमताईनं, 'तू सायकलीतला जाणकार, ताबडतोब ये' असं कळवलं, तेव्हा मी मुळीच संकोचलो नाही.

मनमाडला गाडी बदलून, भुसावळला केळी खाऊन आणि अकोल्यानंतर नुसता घाम पुसत वर्ध्याला उतरलो. फाल्गुन नुकताच लागला होता, तरी ऊन चैत्र संपल्यासारखं होतं. माझे मेव्हणे वसंतराव स्टेशनावर आले होते. कचेरीत कारकून असल्यामुळे ते कुठल्याही गोष्टीवर लगेच मत देत नाहीत. ट्रंक उचलून पाहिल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"श्रीधरपंत, सायकल सुटी करून आणली का काय?"

"नाही, ही फक्त तयारी," मी म्हणालो.

घरी पोहोचल्यावर खरा प्रकार कळला. देवळीच्या मुलींच्या शाळेत ताईला जूनपासून नोकरी मिळत होती. देवळी वर्ध्यापासून दहा-अकरा मैल. सकाळची मोटार शाळा भरल्यानंतर पोहोचते आणि संध्याकाळची कधी येते, कधी येतच नाही. म्हणून वसंतरावांनी बायकांची एक जुनी सायकल घेतली होती आणि ताई मैदानावर फेऱ्या मारून ती शिकलीही होती. उद्या देवळीला जाऊन शाळेच्या मोठ्या बाईंना होकार द्यायचा होता. एवढी वर्षं मनात धरलेली शिक्षिकेची नोकरी तिच्या हाताशी आली होती आणि मध्ये फक्त माई उभ्या होत्या.

माई म्हणजे ताईच्या सासूबाई. बांधा किरकोळ, आवाज खणखणीत. त्यांची हरकत नोकरीला आहे की सायकलीला, हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. घरातला खरा जुना तंटा वेगळाच होता. माई जन्मभर नऊवारी लुगडं नेसलेल्या, आणि ताई लग्न होऊन आल्यापासून पाचवारी गोल पातळ नेसणारी. माई त्याला 'तुमचं ते पुन्याचं गुंडाळनं' म्हणत. ताई ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडाळून बाहेर येई.

संध्याकाळी मी ओसरीवर सामान मांडलं. सोला हॅट, काळा चष्मा, पँटीच्या क्लिपा, थर्मास, पंप, पंक्चरची ठिगळं, पान्यांचा संच आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे. एका विलायती मासिकात लिहिलं होतं की सायकलवर अंगाला लोकरच हवी, ती घाम टिपते. ते मासिक ज्या देशात निघतं तिथल्या माणसांना घाम ठाऊक असतो का, हे मी तपासलं नव्हतं.

माई सुपारी कातरत पाहत होत्या. "लगीन कोनाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माई, लांबच्या सडकेला हे सगळं लागतं."

"अन् इले काय लागते?" त्यांनी ताईकडे अडकित्ता दाखवला. "सायकलवर बसायचं तं लुगडं नेस म्हना. काष्टा घातला की पाय मोकळे. तिच्या त्या घोळात चाक गेलं तं काय करसान?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. जाणकाराचा शब्द आता हवा होता. मी ऐटीत म्हणालो, "निऱ्यांना तीन सेफ्टीपिना लावल्या आणि घोट्याशी एक क्लिप मारली की गोल पातळ अगदी सुरक्षित असतं." त्या जुन्या सायकलीला चेनकव्हर नाही, हे मी पाहिलं होतं. पण तीन पिना म्हणजे काही थोडक्या नव्हेत.

माईंनी अडकित्ता मिटला. "जाय बाप्पा. पन ऐकून घे, कुसुम. जशी जाशीन तशीच परत ये. पातळाले तेलाचा डाग नाई पाह्यजे, फाटलेलं नाई पाह्यजे. अन् फाटलं तं नोकरी इसरून जायची."

ताईनं मान हलवली. तिचा चेहरा इतका उतरला होता की मला एक चौथी पिनही सुचवावीशी वाटली.

सकाळी उजाडता उजाडता निघालो, ताई तिच्या आणि मी वसंतरावांच्या सायकलीवर. ताई फुलाफुलांच्या नव्या व्हॉइलच्या पातळात होती. मी शिकारीला निघालेल्या साहेबासारखा दिसत होतो, निदान वसंतराव तसं म्हणाले. माईंनी शिदोरीचं गाठोडं ताईच्या कॅरियरला स्वतः बांधलं. भाकऱ्यांच्या मानानं ते फारच गुबगुबीत होतं, पण सुनेच्या माहेरच्या पाहुण्याच्या भुकेबद्दल त्यांचा अंदाज मोठा असावा असं मी समजलो. मग त्यांनी माझ्या खिशात एक कांदा टाकला.

"हा कशाला?"

"ऊन लागत नाई. फेकून नको देजो."

इकडे उन्हात निघणारा प्रत्येक माणूस खिशात कांदा ठेवतो. माझ्या सामानात ही वस्तू नव्हती, कारण मासिकात नव्हती.

गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी रानं लागली. कापूस वेचून झाला होता. उरल्यासुरल्या बोंडांचे पांढरे ठिपके वाळक्या झाडांवर दिसत होते. बांधावर पळस असा फुलला होता की ताईनं दोनदा सायकल थांबवली. बैलगाड्या समोरून येत. गाडीवान माझ्या हॅटकडे पाहत, बैल मोज्यांकडे पाहत. थोड्याच वेळात मासिकाच्या म्हणण्याप्रमाणे लोकरीनं घाम टिपायला सुरुवात केली आणि टिपलेला घाम तिनं जवळच ठेवून घेतला. पोटऱ्यांना अशी खाज सुटली की मी एका हातानं सायकल आणि दुसऱ्यानं पाय सांभाळत होतो.

सालोडला थांबून आलूबोंडे (आपले बटाटेवडे, पण तिखटाच्या बाबतीत आपले मुळीच नव्हेत) खाल्ले. हॉटेलवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"साहेब सर्कशीतले का?"

"नाही, पुण्याचा," मी म्हणालो.

"असं का," तो म्हणाला आणि त्याचं समाधान झालेलं दिसलं.

ताई हसून हसून बेजार झाली. सालोड सोडल्यावर ती पुढे, मी मागे, असं छान चाललं होतं. समोरून कापसाच्या गाठींचा एक ट्रक धुरळा उडवत गेला आणि त्या वाऱ्यानं माझी हॅट उडाली. ती थेट नाल्यात जाऊन पडली. "ताई, थांब!" असं मी ओरडलो. ताईनं वळून पाहिलं, तिचा तोल गेला, पातळाचा घोळ सुटला आणि चेनमध्ये गेला. तिन्ही पिना एकदमच उडाल्या. ताई सायकलसकट सावकाश, एखादं पोतं कलंडावं तशी, सडकेच्या कडेच्या गवतात आडवी झाली.

तिला फार लागलं नव्हतं, गुडघा तेवढा खरचटला होता. पण पातळाचा वीतभर तुकडा चेनच्या चाकाच्या दातांत अडकला होता आणि त्याच्याभोवती काळं ग्रीस पसरलं होतं. मी पान्यांचा संच काढला. त्यातला प्रत्येक पाना नटापेक्षा एकतर मोठा होता किंवा लहान. शेवटी ताईनंच पेडल उलटं फिरवून कापड सोडवलं. ते सुटलं, पण सुटताना टर्र असा आवाज झाला.

ताई बांधावर बसली आणि रडायला लागली. "संपलं रे, श्रीधर. आता देवळीला तरी कशाला जायचं? माई एकदा बोलल्या की बोलल्या." बहिणीला असं रडताना पाहून मी पान्यांचा संच गुंडाळून ठेवला. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला भूक लागते, म्हणून मी शिदोरीचं गाठोडं सोडलं.

वर एका स्वच्छ फडक्यात भाकऱ्या, झुणका आणि मिरचीचा ठेचा होता. खाली, नीट चौघडी घातलेलं, माईंचं जांभळं नागपुरी काठाचं लुगडं होतं.

"हे चुकून आलं असेल," मी म्हणालो.

"माईंच्या हातून चुकून काही होत नाही," ताई डोळे पुसत म्हणाली. पातळ फाटणार हे त्यांनी आधीच धरलं होतं. मला थोडा राग आला, ताईला त्याहून जास्त आला. ती लुगड्याच्या काठावरून हात फिरवत बसली. हे नेसलं तर इतक्या दिवसांचा हट्ट हरल्यासारखं होणार होतं, आणि न नेसलं तर फाटक्या पातळात शाळेपर्यंत जाताच येणार नव्हतं.

शेजारच्या शेतात एक बाई पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटत होती. तिनं सगळा प्रकार पाहिला होता. कमरेवर हात ठेवून ती बांधापर्यंत आली.

"काऊन रडून राह्यली वं बाई? लुगडं तं आहे ना हातात!"

"मला काष्टा नीट येत नाही," ताई हळूच म्हणाली. लग्नात तिला दुसऱ्या बायकांनी नेसवलं होतं, त्यानंतर तिनं लुगड्याला हात लावला नव्हता.

"मंग रडाचं काय त्यात? इकडे ये. अन् भाऊ, तुमी तिकडे तोंड करा."

मी तिकडे तोंड करून नाल्यातल्या हॅटकडे पाहत बसलो. पऱ्हाट्यांच्या ढिगामागून त्या बाईचा आवाज येत होता, "अजून वढ. घट्ट. आता पाय टाकून पाह्य. पाह्यलं? आता कुदळ मार नाई तं सायकल मार, सुटत नाई." ताई बाहेर आली तेव्हा थोडी लाजलेली होती. मग तिनं सायकलवर टांग टाकली, दोन पेडलं मारली आणि तिचा चेहराच बदलला.

"श्रीधर, अरे, पाय मोकळे आहेत!" ती ओरडली आणि निघालीसुद्धा.

मी मोजे काढले. त्या मोज्यांनीच चेनचं ग्रीस पुसलं. दिवसभरात लोकर उपयोगी पडली ती एवढीच. भाकऱ्यांचं फडकं डोक्याला बांधलं, खिशातला कांदा चाचपला आणि ताईला गाठायचा प्रयत्न सुरू केला. तो देवळीपर्यंत सफल झाला नाही.

देवळीला बाजाराची गर्दी होती. शाळेच्या दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी ताईचं लुगडं पाहिलं, सायकल पाहिली, मग डोक्याला फडकं बांधलेला मी दिसलो.

"हे कोण, सायकल दुरुस्त करणारे का?"

"हो, बरोबर आणलेत," ताई म्हणाली. माझ्या जाणकारीचा तिनं घेतलेला तो एकमेव सूड होता.

मोठ्या बाई हसल्या. वर्ध्याची शिकलेली बाई इथं चार दिवस येईल आणि पळून जाईल, अशी त्यांना काळजी होती. ती आता मिटली, असं त्यांनी बोलून दाखवलं. जूनपासून या म्हणाल्या. ताईनं होकार दिला, पण बाहेर येताच तिचा आवाज पडला. "होकार दिलाय खरा. आता माईंना काय सांगू?"

परतीच्या वाटेवर ऊन तापलं होतं. सालोडच्या हॉटेलवाल्यानं मला ओळखलं नाही, हेच काय ते सुख.

माई दारातच होत्या. ताईनं सायकल भिंतीला टेकवली, कॅरियरवरून फाटलेलं पातळ काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढ्यात धरलं. "माई, फाटलं. डागही पडलाय. आणि मी बाईंना होकार देऊन आले."

मी मध्ये काही बोलणार होतो, पण वसंतरावांनी माझा हात दाबला. माई ताईभोवती एक चक्कर मारून आल्या. मागचा काष्टा त्यांनी बोटानं चाचपला.

"कोनं खोचून देल्ला?"

"वाटेत एक शेतकरीण होती, तिनं."

"चांगला खोचला," माई म्हणाल्या. त्यांनी ते पातळ काखेत मारलं आणि आत निघून गेल्या. नोकरीबद्दल हो नाही की ना नाही. रात्री जेवताना कुणी विषय काढला नाही आणि ताईला घास गेला नाही.

सकाळी ओसरीवर आलो तर ताई सायकलीपुढे उभी होती. सीटवर नवी गादी चढली होती. फुलाफुलांच्या व्हॉइलची, आत सरकी काढलेला वर्ध्याचा कापूस गच्च भरलेला, कडेनं बारीक टाके, खालून बांधायला नाड्या. ताईचं पाचवारी पातळ माईंनी अखेर त्यांना योग्य वाटली त्या जागी बसवलं होतं. उंबऱ्यात बसून माई सुईत दोरा ओवत होत्या.

"बसून पाह्य वं," त्या म्हणाल्या. "रोजचं जानं-येनं आहे. टोचलं नाई पाह्यजे."

ताई सायकलवर बसली नाही. ती माईंच्या शेजारी उंबऱ्यात बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडली. "झालं सुरू," माई म्हणाल्या, पण त्यांनी सुई बाजूला ठेवली.

मी पुण्याला निघालो तेव्हा ट्रंक हलकी होती. हॅट नाल्यात, मोजे केरात आणि पाने वसंतरावांकडे, कुठल्यातरी नटाला कधीतरी बसतील या आशेवर. स्टेशनावर निघताना माईंनी एक पुडकं हातात दिलं. "तुलेबी एक. पातळ मोठं होतं."

ताई जूनपासून रोज देवळीला जाते. सडकेवर लुगडं नेसते आणि घरी पुन्हा गोल पातळ, त्यामुळे घरातला तंटाही सुखरूप आहे. इकडे नवखे सायकलस्वार अजून माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी सांगतो, पाय मोकळे राहतील असं काहीतरी नेसा, डोक्याला फडकं बांधा, खिशात कांदा टाका. मग त्यांचं लक्ष माझ्या सायकलीच्या फुलाफुलांच्या गादीकडे जातं आणि ती कुठे मिळते असं विचारतात. वर्ध्याला मिळते, मी म्हणतो, पण त्यासाठी आधी एक पातळ फाडावं लागतं आणि घरात एक माई लागतात.