भीतीला नावे न ठेवणाऱ्या गजभिये बाई

आदरणीय प्रा. इंदुमती गजभिये बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी वसतिगृहाच्या ओसरीत फरशीवर पडले होते. तोंडाला कोरड पडली होती, हातपाय गार झाले होते आणि भोवती मुलींचा घोळका होता. नाकाडोंगरीहून भंडाऱ्याला महाविद्यालयात येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. गावाकडून परतलेल्या एका मुलीने मोहफुले आणून ओसरीत कागदावर वाळत घातली होती. त्यांचा गोड, आंबूस वास नाकात शिरला आणि माझी छाती अशी धडधडू लागली की आता आपण मरणार असेच मला वाटले. कोणी म्हणाले फीट आली, कोणी म्हणाले अंगात आले. वसतिगृहाच्या बाईंनी तर मला घरी पाठवून द्यायचे ठरवूनही टाकले होते.

तेवढ्यात कोणीतरी मानसशास्त्र शिकवणाऱ्या गजभिये बाईंना बोलावून आणले. त्या माझ्याशेजारी खाली बसल्या, माझे मनगट धरून त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "घाबरलीस ना? घाबर. तुझं शरीर त्याचं काम बरोबर करून राहिलं आहे. थोड्या वेळानं ते आपोआप थकेल. तोवर मी इथंच बसते."

आजवर मला सगळ्यांनी 'घाबरू नको' असेच सांगितले होते. 'घाबर' म्हणणारे माणूस मला पहिल्यांदाच भेटत होते. आणि दहा-पंधरा मिनिटांत धडधड खरोखरच ओसरली.

बाई आता वयाची साठ वर्षे पूर्ण करून सेवानिवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला त्यांच्या कार्याविषयी लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हणाले. मी एक प्राथमिक शिक्षिका आहे. बाईंच्या विद्वत्तेविषयी लिहिणारी मोठी माणसे या ग्रंथात आहेत. पण त्यांच्या विद्येचा ज्यांना गुण आला त्यांपैकी मी एक आहे, एवढ्या अधिकाराने हे चार शब्द लिहीत आहे.

बाई मूळच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या. आईवडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, राबत. छप्पन साली घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा बाई नागपुरात नोकरी करून शिकत होत्या. भीती हाच विषय त्यांनी अभ्यासासाठी का निवडला, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या की, भूक आणि भीती या दोन गोष्टी त्यांना लहानपणापासून नीट ठाऊक होत्या, आणि भुकेवर इतर पुष्कळ लोक काम करत होते.

वर्गातही त्या विषयाची सुरुवात स्वतःपासूनच करत. "माझ्या आडनावातच भीती आहे," त्या पहिल्या तासाला म्हणत. "गज भिये, म्हणजे हत्तीसुद्धा भितो. मग माणसानं कशाला लाजावं?" वर्ग हसला की मग त्या फळ्याकडे वळत. भीतीच्या क्षणी रक्त पोटाकडून पायांकडे का धावते, तोंड का सुकते, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या इवल्याशा ग्रंथी एका पळात सारे शरीर कसे जागे करतात, हे त्या इतक्या सोप्या मराठीत सांगत की, भीती हा आपला दोष नसून आपल्या पूर्वजांनी आपल्यासाठी मागे ठेवलेला पहारेकरी आहे, असे वाटू लागे. घाबरलेल्या माणसाला कोणी हसलेले मात्र त्यांना खपत नसे. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज चढे.

ओसरीतल्या त्या प्रसंगानंतर आठवड्याभराने त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावले. मोहफुलांत काय आहे, एवढेच विचारले. मी चार वर्षे कोणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पहाट फुटताना माय आणि मी जंगलात मोहफुले वेचायला गेलो होतो. झाडामागून अस्वल आले आणि मायवर धावले. मी पळाले. मागे न पाहता गावापर्यंत पळत आले. माणसे कुऱ्हाडी घेऊन गेली, माय जिवंत सापडली, पण तिचा डावा गाल आणि कान गेला होता. माझ्या अंगावर ओरखडाही नव्हता. त्यानंतर मी जंगलात पाऊल टाकले नाही आणि मायच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिले नाही. मी मायला टाकून पळालेली मुलगी होते.

बाईंनी माझे सांत्वन केले नाही. मायला भेटता येईल का, असे विचारले.

पुढच्याच रविवारी त्या तुमसरमार्गे बस बदलत नाकाडोंगरीला आल्या. आमच्या अंगणात बाजेवर बसल्या. त्यांनी पाणी मागितले आणि मायने लोटा हातात न देता, वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतले. आडनाव तिला मीच सांगितले होते. मी दारात उभी होते. एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बाई पाणी प्याल्या, पदराने हात पुसले आणि काहीच घडले नसल्यासारख्या मायशी बोलू लागल्या. त्या दिवशी तुम्हाला भीती कधी वाटली, एवढेच त्यांनी विचारले.

माय विचार करून म्हणाली, "तवा नाई लागला जी भेव. तवा टाईमच कुठं होता? मी त अस्वलाच्या तोंडात टोपली कोंबून राहिली होती. भेव लागला तो दवाखान्यातून घरी आल्यावर. चुलीपाशी बसली आन् पाय थरथर कापाले लागले."

"आणि कमल?" बाईंनी माझ्याकडे पाहत विचारले.

"तिले मीनंच म्हनलं ना, पळ म्हून. दोनदा वरडली. पोरगी पळली म्हून त मी वाचली. नाई त गावातून मानसं कोनं आनली असती?"

ती हाक मला आठवतच नव्हती. चार वर्षांत मी तो प्रसंग रोज आठवला होता, आणि त्यात मायचा आवाज एकदाही नव्हता. आम्ही दोघी त्या गोष्टीबद्दल कधी बोललोच नव्हतो. माय मला जपत होती आणि मी तिला टाळत होते.

बसची वाट पाहताना बाईंनी मला समजावले की अशा क्षणी मनाचे लक्ष विजेरीच्या झोतासारखे एकाच जागी एकवटते. झोताबाहेर काय घडले ते मनात उमटत नाही. कानांनी हाक ऐकली, पायांनी ती मानली, मनाने मात्र तिची नोंद ठेवली नाही. "तू भेकड नाहीस. आज्ञाधारक आहेस," त्या म्हणाल्या. मला रडू कोसळले. मग धीर करून मी पाण्याबद्दल माफी मागितली. बाई माझ्याकडे वळल्या.

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

मला सांगता येईना. मायची नाही, बाईंची तर नाहीच.

"हीच भीती अभ्यासायला सगळ्यांत कठीण," बाई म्हणाल्या. "हिच्यात अस्वल नसतं."

त्यानंतर सुरू झालेले काम दोन उन्हाळे चालले. बाईंची रीत अशी की ज्याची भीती वाटते त्याच्याकडे लहान लहान पायऱ्यांनी जायचे आणि प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप शांत होईपर्यंत थांबायचे. टाळले की भीती वाढते, कारण शरीराला वाटते की आपण पळालो म्हणूनच वाचलो. पहिल्या आठवड्यात मी वहीत नुसता 'मोह' हा शब्द लिहिला. मग बूच लावलेल्या बाटलीतली सुकी फुले टेबलावर आली. मग बूच निघाले. दर वेळी बाई माझी नाडी मोजून कागदावर टिपत. पुढे रविवारी गावी जाऊन, भर दुपारी, शेतातल्या एकट्या मोहाच्या झाडाखाली मी मायबरोबर बसू लागले. बाई शक्य तेव्हा स्वतः येत.

सगळे सरळ घडले असे नाही. एकदा जंगलाच्या कडेला फांदीवरून वानराने उडी मारली आणि मी अशी पळाले की पडून गुडघे फुटले. आता मी येणार नाही, असे मी बाईंना सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "चूक माझी झाली. पायरी मी उंच ठेवली." पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा शेतातल्या झाडापासून सुरुवात केली. आपल्या विद्यार्थिनीपुढे चूक कबूल करणारे प्राध्यापक मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतरही फार थोडे पाहिले.

याच दिवसांतला एक रविवार मला विशेष आठवतो. आम्ही शेतातून घरी आलो तेव्हा मायने लोटा भरून बाईंच्या हातात दिला, घरातलाच, आम्ही पितो तो. मग त्यांना आत चुलीजवळ पाट मांडून जेवायला बसवले. वाढता वाढता ती खाली पाहत म्हणाली, "पहिल्या दिवशी चुकलं जी, बाई. लोकाईचा भेव होता."

बाई वर्गात शुद्ध भाषा बोलत. त्या दिवशी त्या दिघोरीच्या बोलीत बोलल्या. "मले बी होता. मी तुमसरच्या बस स्टँडवर पोटभर पानी पेऊन आली होती, तुमच्या घरी मागाची पाळी येऊ नये म्हून. मंग मनाशी म्हनलं, पोरीले भेवाच्या जवळ जा म्हनाचं आन् आपन दूर पळाचं, हे काई बरं नाई. म्हून मागलं."

लहानपणी विहिरीवरून कसे हाकलले होते आणि आजही परक्या घरी पाण्यासाठी जीभ कशी अडते, हे त्यांनी त्यानंतर सांगितले. माय ऐकत राहिली. तिने बाईंच्या ताटात आणखी भात वाढला आणि स्वतःचे ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसली. गावात कोण काय म्हणाले याची तिने पुढे पर्वा केली नाही, आणि म्हणणारे होतेच.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी पाच-सहा बायांबरोबर, ऊन चांगले वर आल्यावर, मोठ्याने बोलत, मोहफुले वेचायला गेले. टोपली भरली. मी बाईंना आनंदाने कळवले की आता भीती थोडीशीच उरली आहे. त्यांनी उत्तर पाठवले की ती तेवढी जपून ठेव, ती पुरती गेली तर मीच तुला जंगलात जाऊ देणार नाही.

बाईंनी हे फक्त माझ्यासाठी केले असते तर या ग्रंथाची गरज नव्हती. दिघोरीला एका वर्षी धानाच्या रोवणीत बांधीत साप चावून एक मजूर बाई दगावली, तेव्हा इतर बायांनी त्या बांधीत उतरायचे नाकारले. मालक त्यांना अडाणी म्हणत होता. बाईंनी बायांची बाजू घेतली. यांची भीती अर्धी खरी आहे, असे त्या म्हणाल्या. आधी धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गवत कापून घेतले, काठ्या आपटत आधी स्वतः बांधीत उतरल्या, मग बाया उतरल्या. साप चावला की आधी दवाखान्यात न्या, असेही त्या सांगत; त्यामुळे मंत्राने विष उतरवणारे गावचे म्हातारे भगत मात्र रागावले होते. मी मंतर सोडून देऊ काय, असे त्यांनी विचारले. बाई हात जोडून म्हणाल्या, "सोडू नका, बाबा. पण मंत्र दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीत बसून म्हणा." पुढच्या वर्षी एका पोराला साप चावला तेव्हा भगतबाबा खरोखरच गाडीत बसून दवाखान्यापर्यंत गेले. पोरगा वाचला. श्रेय भगतबाबांनी घेतले आणि बाईंनी ते आनंदाने घेऊ दिले.

या साऱ्याचा मोठा ग्रंथ बाईंनी लिहिला नाही. खेड्यातल्या बायांच्या गप्पा म्हणजे संशोधन नव्हे, असे काही विद्वानांनी त्यांना ऐकवलेही. त्या वाद घालत नसत. पुढच्या रविवारी पुन्हा बसमध्ये बसत.

शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक बपेऱ्याच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावी झाली. बसथांब्यापासून शाळेपर्यंतची वाट झाडीतून जात होती. घरचे म्हणाले, नको जाऊ. मी गेले. पहिल्या सकाळी त्या वाटेवर घसा सुकला, अंगावर काटा आला, आणि हे सगळे काय चालले आहे ते मला नावानिशी ठाऊक होते. मी थांबले, श्वास शांत होऊ दिला आणि शाळेत जाऊन हजेरी घेतली. आज तेरा वर्षे मी तिथेच शिकवते आहे. माय माझ्याजवळ राहते. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवतो.

या लेखासाठी काही विचारायचे म्हणून गेल्या महिन्यात मी बाईंकडे गेले होते. निवृत्तीनंतर काय करणार, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की आता म्हातारपणाच्या भीतीचा अभ्यास करायचा आहे, त्याबद्दल कोणी नीट विचारपूस केलेली नाही. तुम्हाला वाटते का ती भीती, असे मी धिटाईने विचारले. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि खरेच विचार केला.

"अजून अनुभव नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांनी विचार."

बाई, मी वीस वर्षांनी येणार आहे. हाच प्रश्न घेऊन तुमच्या दारात उभी राहणार आहे. तोवर तुमची नाडी संथ चालो, पाय बसची पायरी चढत राहोत, डोळे आणि कान शाबूत राहोत. आणि त्या दिवशीही तुम्ही चष्मा पुसून, थोडा विचार करून, मला आणखी वीस वर्षांनी यायला सांगावे, एवढीच माझी आणि मायची मनापासून इच्छा आहे.