मालनबाईंचं स्वतःचं खातं

पंकजा गर्जेचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ती मागं पाथर्डीच्या वसतिगृहात राहून शिकली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि गावातच राहिली. गोधड्या शिवणाऱ्या बायकांसाठी तिनं वेबसाइट तयार केली. गोधड्या विकल्या जायच्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानावर. कुणाची ऑर्डर कुठवर आली, हे बायका पंकजाच्या साइटवर बघायच्या. पण ऊसतोडीला गेल्या की कुणाचं सिम बदलायचं, कुणी पासवर्ड विसरायचं, आणि साइट उघडायचीच नाही.

सुप्याला एका कंपनीत कामाला असलेला तिचा मित्र केदार म्हणाला, "सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन टाक."

"मागं दिला होता. गोधड्या शिवणाऱ्या मालनमावशींची ऑर्डर दुसऱ्याच बाईच्या हातून रद्द झाली. पुन्हा ते नको."

बायकांचं दुकानातलं खातं मोबाईलवर कायम उघडं असायचं. त्याच खात्यानं आपल्या साइटवर येता आलं पाहिजे, असं तिनं ठरवलं. त्यासाठी तिनं केलेला पहिला अर्ज दुकानानं परत पाठवला: बायकांची माहिती कशी सांभाळता, ते साइटवर लिहिलेलं नाही. तिनं ते पान सोप्या मराठीत लिहिलं. परवानगी आली, तरी बटण दाबलं की साइट अडायची. दुकानातून साइटवर परत येण्याचा जो वेब-पत्ता दुकानाला कळवला होता, त्यात एक तिरकी रेघ (/) कमी होती. ती सापडेपर्यंत अख्खा रविवार गेला.

सोमवारी मालनबाईंचा उसाच्या फडातून फोन आला.

"पंकजे, उघडलं बघ. पन हितं ज्ञानेश्वरीचं नाव दिसतंय."

ज्ञानेश्वरी त्यांची सून. त्यांच्या कोपीत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, मोबाईल एकच, आणि त्यावर दुकानाचं खातं सुनेचं उघडं होतं. हे पंकजाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे गं. सुनेच्या नावावर चालतंय मला."

"मला नाही चालत, मावशी. गोधडी तुम्ही शिवलीय."

तिनं पुन्हा कामाला हात घातला. आता साइट आधी नाव दाखवून विचारायची, हे तुम्हीच का? नाही म्हटलं, की दुकान नव्यानं खातं विचारायचं. पंकजानं पुन्हा फोन लावला, तेव्हा मालनबाईंनी दुकानातल्या आपल्या खात्याचा पासवर्ड स्वतः टाकला. पहिल्यांदा चुकला, मग जमला.

"आलं माझं नाव," त्या म्हणाल्या. "निळ्या काठाची गोधडी पोचली न्हाई म्हनतंय अजून."

"वाटेत आहे, मावशी. पोचली की तिथंच दिसेल तुम्हाला."

पंकजानं फोन ठेवला आणि हेच समजावायला पुढच्या बाईचा नंबर लावला.