चौमूंचं पितळी टोकन

एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या वडिलांना तुम्ही कधी खोटं पाडलंय? मी पाडलंय. आजवर हे कुणालाही सांगितलेलं नाही — बाबांना तर नाहीच. विमा कंपनीत युनियनचं काम करणारे माझे बाबा. जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकंच जास्त. 'लुबाडणूक' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो.

२००६ च्या सुमारास मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली टोकनं जमवत होतो. तेव्हा सुटी नाणी मिळेनाशी झाली, म्हणून दुकानदार सुट्ट्यांऐवजी आपल्या नावाचा पितळी बिल्ला देत. तो परत आणला की माल मिळे. सरकारी शिक्का नाही, काही नाही — फक्त दुकानदाराचा शब्द. मला हे फार आवडायचं. त्यावर एक पत्रकही लिहिलं होतं. म्हाताऱ्यांना फसवून जुन्या वस्तू उचलणाऱ्यांना त्यात चांगलं झोडपलं होतं.

मग जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या एका किराणा दुकानात सत्तरीतल्या रामेश्वरजींनी गल्ल्यातून आपल्या वडिलांचं टोकन काढलं. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे.

"खुल गई बाबूजी की टकसाल!" आतून सून हसली.

टोकन अस्सल आहे, हे मला बघताक्षणीच कळलं. पण आम्हा संग्राहकांची एक सवय असते — हवी ती वस्तू नको असल्यासारखी धरायची, तोंड वाकडं करायचं. तेवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. म्हणालो, "ये नकली है, बाबाजी. बाद में सजावट के लिए बनाते थे."

वाटलं होतं, भांडतील. ते सुनेकडे बघत राहिले. या वेळी ती हसली नाही.

"पढ़े-लिखे हो, भैया," ते म्हणाले. "फिर तुम ही रख लो."

महिन्याभराने पुन्हा गेलो — खरं सांगायला? तसं स्वतःला बजावत तरी होतो. एक गिऱ्हाईक टोकनाबद्दल विचारत होतं. "वो? झूठा था," म्हणत रामेश्वरजी साखर तोलू लागले. मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य — तेवढंच हवं होतं. मी गूळ घेतला आणि निघालो.

पुढे जयपूरच्या एका प्रदर्शनात ते टोकन मांडलं. खाली माझ्याच अक्षरात चिठ्ठी — 'अस्सल'.

रामेश्वरजी आता नाहीत.

तुमच्या घरी असं काही असेल, आणि कुणी तोंड वाकडं करून ते नकली म्हणालं, तर आधी त्याच्या हातातून ते काढून घ्या. हात माझा असला तरी.