सारांशातून गाळलेला डबा

नववीत इंग्रजीच्या पेपरात एका प्रश्नाला मला कायम पूर्ण गुण मिळायचे. उतारा वाचून त्याचा एक-तृतीयांश सारांश लिहायचा. नियम मॅडमनी फळ्यावर लिहून दिले होते: उदाहरणं गाळा, तेच तेच पुन्हा आलं असेल तर गाळा, कोण कुणाला काय म्हणालं ते गाळा. मला हे फार जमायचं. बोलायला घाबरणाऱ्या मुलीची थोडक्यात सुटका करणारा तो एकच प्रश्न होता.

शाळा आर्णीला होती आणि आमचं गाव तिथून ऑटोने अर्ध्या तासावर. वडील एसटीत कंडक्टर. आमच्या वस्तीतून इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच, म्हणून मला सगळे 'इंग्लिशवाली' म्हणायचे. हापशीवरच्या बाया अडवून विचारायच्या, "काहून वं इंग्लिशवाली, आमच्याशी बोलाले फी लागते काय तुले?" मी हसल्यासारखं करून खाली बघत निघून जायचे.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी काही हटत नव्हती आणि लोक पुन्हा पुन्हा फवारत होते. पाठीवर पंप घेऊन त्या उंच झाडांत शिरायचं आणि नळी वर धरायची. औषध उलटून तोंडावर यायचं. पोळ्यानंतर आसपासच्या गावांतून माणसं यवतमाळच्या दवाखान्यात भरती होऊ लागली. त्यांत आमच्या घरापासून तीन घरं सोडून राहणारे काका होते. त्यांना स्वतःचं वावर नव्हतं, ते दुसऱ्यांच्या वावरात फवारायला जायचे. सहाव्या दिवशी ते गेले.

गावात मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. फवारणारे इतके जण, मग हेच कसे गेले? औषध पेले असतील. काकांची मोठी मुलगी पाचवीत होती. वर्गात कुणीतरी तिला तोंडावरच म्हटलं, "तुह्या बापानं औषध पेलं." तिनं दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. काकू तिला शाळेच्या फाटकापर्यंत नेत आणि तिच्यासोबतच परत येत.

दिवाळीच्या आधी दिल्लीहून एका इंग्रजी पेपरच्या बाई आल्या, सोबत फोटो काढणारा होता. वस्तीतल्या बुद्धविहारात सतरंजी टाकली. बाईंना मराठी येत नव्हतं. सरपंच म्हणाले, "आपली इंग्लिशवाली हाये नं, बलवा तिले." वडिलांनी मला घरातून जवळजवळ ओढतच आणलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

काकू बोलू लागल्या. त्या खूप वेळ बोलल्या. काका संध्याकाळी घरी आले तेव्हा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. तो धुतला तर काकूंच्या हाताची आग आग झाली. चहा समोर ठेवला तर काकांना कप दिसेना, ते बाजूला चाचपत राहिले. तरी झोपताना म्हणाले, उद्या दोन वावरं आहेत, डबा लवकर दे. हे डब्याचं काकूंनी तीनदा सांगितलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ज्याले मरायचं हाये, तो उद्याचा डबा मांगते काय? सांग त्याईले."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत तीन वाक्यं बोलले. यांचे पती कीटकनाशकामुळे वारले. यंदा पिकावर फार कीड होती. यांना दोन मुली आहेत.

बाईंनी मान हलवत लिहून घेतलं. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी इतकी बोलली, अन् तुह्या इंग्लिशमंदी इतकुसंच झालं?"

भिंतीला टेकलेले एक आजोबा म्हणाले, "इंग्लिश आखूडच भाषा हाये, बाई. तिच्यात जास्त मावत नाई."

लोक हसले. मीही हसले. तेव्हा थांबून पुन्हा सांगता आलं असतं. बाई अजून वही उघडी ठेवून बसल्या होत्या.

महिनाभरानं ती बातमी आमच्या मुख्याध्यापिकांच्या हाती लागली. त्यांनी कात्रण नोटीस बोर्डावर लावलं आणि प्रार्थनेच्या वेळी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी कात्रण मधल्या सुट्टीत वाचलं. काकूंचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की कापसाच्या संकटाला कंटाळून यांच्या पतीने कीटकनाशक पिऊन जीवन संपवलं.

मी असं म्हणाले नव्हते. पण असं नव्हतं, हेही मी म्हणाले नव्हते. मी रिकामी जागा ठेवली होती, बाईंनी ती त्यांना माहीत असलेल्या गोष्टीनं भरली.

घरी मी काहीच बोलले नाही. गावात तो पेपर येत नाही, आला तरी वाचणार कोण, असा हिशोब मनात होता. पण मुख्याध्यापिकांनी कात्रणाची झेरॉक्स वडिलांना पाठवली होती. ती तिकिटांच्या पेटीत ठेवून ते प्रत्येक ड्रायव्हरला दाखवत. बातमी एसटीतून गावात पोचली आणि दोन दिवसांत काकू आमच्या दारात आल्या.

"काय लिवलं ते वाचून दाखव मले," त्या म्हणाल्या. "तुह्याच तोंडानं."

मी एक एक ओळ वाचून तिचं मराठी करत गेले. ती ओळ आली. गाळली असती तर कुणाला कळलं नसतं. गाळणं तर मला चांगलंच येत होतं. मी तरीही वाचली. का, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक काकूंच्या हातांकडे बघून. बोटांची कातडी अजून सोललेलीच होती.

काकूंनी आपल्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "डबा नाई सांगतला तू?"

"नाही."

"तेच त सांगाले आली होती मी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त चप्पल घालून निघून गेल्या. आतून वडिलांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी झेरॉक्सची घडी केली आणि त्यानंतर ती कुणाला दाखवली नाही.

मी पेपरला दोन पत्रं लिहिली. या वेळी काहीही गाळलं नाही. एकालाही उत्तर आलं नाही.

रविवारी काकू कापूस वेचायला गेल्या होत्या, तिथे मी गेले. माफी मागायची वाक्यं पाठ करून नेली होती. पहिलंच वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, "तुही माफी घेऊन मी काय करू? माफीनं काय डबा भरता येते?" कंबरेच्या ओटीत कापूस टाकत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिव तू. मराठीत लिव. माह्या पोरीले वाचता आलं पायजे."

माझं मराठी लिहिणं वाईट होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं, जोडाक्षरं अडायची. चार रविवार मी वावरात जाऊन लिहिलं. काकू ओळीनं पुढे सरकायच्या, मी वही घेऊन मागे. संध्याकाळी लिहिलेलं वाचून दाखवायचं. त्या मध्येच थांबवायच्या. "असं नाई. 'डबा लवकर दे' नाई म्हणे ते. 'डबा लवकर भर' म्हणे. मी भरत होती नं." मी खोडून पुन्हा लिहायचे. सोबतच्या बाया चिडवायच्या, "इंग्लिशवालीले आता मराठीची ट्युशन लागली." त्यावर काकू एकदा हसल्या. त्या दिवसांत मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

चौथ्या रविवारी डब्याची ओळ वाचून झाली. मला वाटलं, संपलं. मी वही मिटत होते. काकू वेचायच्या थांबल्या नव्हत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी भरला होता."

"काय?"

"डबा. सकायी त्याईले उठवाच्या आधी भरला. भाकर अन् वांग्याची भाजी. मंग उठवाले गेली, त डोये उघडत नोते. धावपयीत तो पिशवीतच यवतमाळले आला. सहा दिवस दवाखान्यात होता. कोनी उघडला नाई."

हे त्यांनी विहारात सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती वही घेऊन त्यांची मुलगी उमरखेडला मामाकडे शिकायला गेली. आमच्या गावच्या शाळेत ती पुन्हा बसली नाही, आणि गावानं आपलं मत बदललं नाही. आजही कुणी विषय काढला तर 'पेला होता' असंच म्हणतात.

मी आता कुणाचं ऐकायला बसले की वही मोठी घेते. समोरचं माणूस थांबलं तरी लगेच पेन ठेवत नाही. मैत्रिणी म्हणतात, त्या चुकीनं तुला केवढं शिकवलं. खरं आहे ते. विहारात मी नीट सांगितलं असतं, तर भरलेल्या डब्याची गोष्ट मला कधीच कळली नसती. पण एक मुलगी आपल्या गावच्या वर्गात परत गेली असती कदाचित. मला ते चाललं असतं.