औरादकर नावाचे साहेब, मशीन आणि मोड

औरादकरसाहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. विनय म्हणून नव्हे, भीतीपोटी. साहेबांविषयी खरं लिहायचं तर माझ्या भित्रेपणाविषयीही लिहावं लागणार, आणि ते मी इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं. पण हा ग्रंथ हाती घेणारे बरेच जण त्याच शेडमध्ये माझ्या शेजारी उभे होते. तुमच्यापासून काय लपवायचं?

साहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाली. आयटीआय करून मी हैदराबादला आलो होतो. वय बावीस, दिलसुखनगरला चौघांत एक खोली, गावी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. कारखाना पत्र्याचे सुटे भाग दाबून काढण्याचा. शेडमध्ये सात मशिनं रांगेत उभी होती. मशीनचा दाब वरून खाली आला की पायाखालची फरशी हलायची. आणि प्रत्येक मशीनवर पांढऱ्या रंगात एकेक आडनाव लिहिलेलं. रेड्डी. कुरेशी. जोशी. मला वाटलं, जुन्या कामगारांचा मान म्हणून लिहिलं असेल. किती चांगली पद्धत आहे, असं मी शेजारच्या यूसुफभाई फिटरना म्हणालोसुद्धा.

"मान कायका मियाँ?" यूसुफभाई म्हणाले. "जोशीसाब के दो उंगलियाँ लेको गई ये. तब से इसका नाव जोशी. वो कुरेशी है ना, मेरे बड़े भाई का अंगूठा गया उसमें."

मी रांगेच्या शेवटापर्यंत पाहत गेलो. तिथे सर्वांत मोठं मशीन होतं आणि त्याच्यावर लिहिलं होतं, औरादकर. माझंच आडनाव. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर नंबरही त्याच मशीनचा होता. नोकरी नको, गावी परत जावं आणि मिळेल ते करावं, असं मनाशी ठरवून मी वळलो, तर मागे खाकी शर्टातले एक उंचेपुरे गृहस्थ उभे होते. यूसुफभाईंनी त्यांना सलाम केला. हेच आमच्या शेडचे फोरमन, औरादकरसाहेब. मी त्यांच्या चेहऱ्याआधी हात पाहिले. बोटं मोजली. दहा होती.

"मोजलीस?" माझ्या हातातल्या चिठ्ठीवरचं नाव वाचत ते म्हणाले. "कुठलं औराद तुझं?"

"शहाजानी."

"मी बीदरकडच्या औरादचा. म्हणजे आपलं नातं नाही. बरं झालं, नात्यातल्या माणसांवर ओरडता येत नाही मला. घाबरलास काय रे?"

मी मान हलवली.

"मग बस मशीनवर. ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी तिथं बसवत नसतो."

आमच्या औरादमध्ये कोणीच औरादकर नसतो. गाव सुटलं की हे आडनाव चिकटतं, मग जात कुठली का असेना. त्यामुळे आम्ही दोघं एकाच नावाचे आणि एकमेकांचे कोणीही नव्हतो. तरी शेडमध्ये सगळे मला साहेबांचा पुतण्या समजायचे आणि मी ते खोडून काढत नसे. त्या समजुतीच्या आडोशाला मला जरा कमी भीती वाटायची.

मशीनवरच्या नावाची हकिकत साहेबांनीच पुढे कधीतरी डबा खाताना सांगितली. ते मशीन नवं आलं, तेव्हा त्याच्यावर बसायला कोणी तयार होईना. नाव नसलेलं मशीन नाव मागतं, अशी शेडमध्ये सगळ्यांची समजूत. दुसरा एखादा फोरमन हसला असता किंवा नोटीस काढली असती. साहेबांनी रंगाचा डबा आणि ब्रश मागवला आणि सगळ्यांसमोर स्वतःचं आडनाव लिहिलं. "झालं बारसं. आता हे कोणाचं नाव मागणार नाही," एवढंच बोलले. पण नुसत्या बारशावर विसंबणाऱ्यांतले ते नव्हते. त्याच आठवड्यात त्यांनी त्या मशीनला दोन बटणं बसवून घेतली. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच दाब खाली यायचा, आणि हात बटणावर म्हणजे दाबाखाली नाही.

पाळी सुटली की साहेब दारात उभे राहायचे. आम्ही रांगेनं त्यांच्यासमोरून जायचं. "हात!" म्हटलं की शाळेत नखं दाखवतात तसे दोन्ही पंजे पुढे करायचे, ते मोजायचे आणि मगच घरी जायची मुभा. नवे लोक हसायचे. मी कधी हसलो नाही. दिवसभर छातीवर बसलेलं दडपण त्या दारात उतरायचं.

मग ती वर्षं आली. सरकारनं बाजार मोकळा केला, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या दिसू लागल्या आणि त्यांचे सुटे भाग करण्यासाठी जिकडेतिकडे कारखाने निघाले. आमच्याकडे नवे व्यवस्थापक आले. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. रोज एक नवी अफवा यायची. अर्धी शेड बंद होणार, माणसं कमी करणार, यादी तयार आहे. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यात स्वेच्छा कोणाची, हे कोणी सांगत नव्हतं.

साहेब पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस बीदरला गेले होते. व्यवस्थापक माझ्या मशीनपाशी आले आणि म्हणाले, "एक बटन बंद करो. एक हाथ से दबाओ, दूसरे से माल उठाओ. दुगना काम होगा."

आई, बहिणी, यादी, सगळं डोळ्यांसमोर आलं. एक बटण काढलं गेलं आणि मी तीन दिवस एका हातानं दाबत आणि दुसऱ्या हातानं दाबाखालचा माल उचलत राहिलो. जेवताना घास तोंडात फिरायचा. तिसऱ्या दिवशी मशीननं माझ्या शर्टाची बाही मनगटापासून तोडून नेली. हात वाचला कसा, मला आजही सांगता येत नाही. मी फाटकी बाही दुमडून घेतली आणि काम चालू ठेवलं. कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी साहेब आले. त्यांनी दुमडलेली बाही पाहिली, मशीन पाहिलं आणि ते थेट कारखान्यातल्या पेंट शॉपकडे गेले. परतले ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. तेवढ्यात व्यवस्थापकांची फेरी आली.

"क्या कर रहे हो?" त्यांनी विचारलं.

"नाव बदल रहा हूँ साब," साहेब शांतपणे म्हणाले. "मेरा नाव दो बटन के भरोसे पे दिया था. एक निकल गया तो मेरा नाव भी निकालना. इस लड़के का लिखूँ तो इसका भी वोइच है, मिटाने का कामइच नै पड़ता. इसलिए आपका लिखतूँ."

व्यवस्थापक हसले. साहेबांनी ब्रश बुडवला आणि औरादकरच्या खाली त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर काढलं. सातही मशिनं थांबली होती. सगळी शेड बघत होती. व्यवस्थापकांचं हसू ओसरलं. चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ, पण त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"लगा दो बटन," असं म्हणून ते निघून गेले. ते एक अक्षर मशीनवर तसंच राहिलं.

माझे हात वाचले आणि नोकरीही वाचली. दोन महिन्यांनी यादी लागली, तेव्हा तिच्यात पहिलं नाव औरादकर होतं. माझंच असणार, असं मी धरून चाललो. ते साहेबांचं होतं. त्यांची आठ वर्षांची नोकरी अजून शिल्लक होती. अर्जावर त्यांनी स्वेच्छेनं सही केली, असं कागद म्हणतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला मी घाबरत होतो, ते सांगतो. शेवटच्या दिवशी पाळी सुटली, तेव्हा साहेब दारात उभे राहिले नाहीत. ते आमच्याबरोबर रांगेत उभे राहिले आणि आपली पाळी आल्यावर त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. कोणीतरी "हात!" म्हणावं, मोजावं आणि त्यांना घरी पाठवावं, एवढंच त्यांना हवं होतं. रांगेत त्यांच्या पुढचा मीच, मागे वळलो तर त्यांच्यासमोर मी होतो. पलीकडे व्यवस्थापक उभे होते. मी खाली मान घातली. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली, हात खाली घेतले आणि ते गेले.

त्यानंतर शरमेनं मी बरीच वर्षं त्यांना भेटलो नाही. एकदा विद्यानगरला काही काम होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "औरादकर मोड पे उतरतें क्या?" आमच्या शेडमध्ये एखाद्या गोष्टीला माणसाचं नाव मिळायचं, ते तिनं त्या माणसाचं काही नेलं की. आता रस्त्याच्या एका मोडाला, वळणाला, नाव मिळालं होतं. त्या मोडानं साहेबांना नेलं, दुसरं काय? विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.

रिक्षा थांबली. मोडावर शाळेच्या मुलांची रांग उभी होती आणि तिच्यापुढे बेगम बाजारातून आणलेली पितळी शिट्टी तोंडात धरून, हात आडवा करून साहेब बस अडवत होते. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते हेच करत होते, म्हणून लोकांनी मोडाला त्यांचं नाव दिलं होतं. मी रस्त्यातच रडू लागलो. साहेबांनी मुलं पलीकडे पोचवली, माझ्याजवळ आले आणि शिट्टी काढून म्हणाले, "हात!" मी दाखवले. त्यांनी मोजले. त्यांचे मात्र मी तेव्हाही मागितले नाहीत. मग त्यांनी मला घरी नेऊन काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊ घातली, जुन्या गोष्टी निघाल्या, पण त्या शेवटच्या दिवसाविषयी साहेब एक शब्द बोलले नाहीत.

साहेबांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांच्या मोडावरून अजून पुष्कळ पिढ्या शाळेत जावोत आणि शंभरीच्या ग्रंथातही मला लिहायला मिळो. सत्काराच्या दिवशी हार, शाल, भाषणं सगळं यथासांग होईल. ते उरकून साहेब घरी निघतील, तेव्हा सभागृहाच्या दारात मी उभा असेन. आवाज फुटेल की नाही याची मला आत्तापासूनच धास्ती वाटते आहे. तरी मी म्हणणार आहे, "साहेब, हात!" आणि दहा मोजल्याशिवाय त्यांना घरी जाऊ देणार नाही.