परण्यातून हरवलेला थ्री फेज

हिंगोलीला जायला मला एक कॅसेट कारण झाली. पुण्यात माझ्या एका मित्राची रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. तिथं टपालानं आलेल्या या कॅसेटवर बॉलपेननं ‘थ्री फेज, मु. पो. गोरेगाव’ एवढंच लिहिलेलं. आत इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि शेताच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारावी तसा एक आवाज. गाणी सगळी स्वतःची, रॉकच्या धाटणीची. मित्र म्हणाला, “तू नाही तरी भटकतच असतोस. जाऊन बघ, ही माणसं खरी आहेत की कुणी चेष्टा केलीय.”

खरं तर मला मोठा आवाज सोसत नाही. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा मी मनाला लावून घेतो. पण भर उन्हाळ्यात मराठवाड्यात जा म्हटलं की मी नको म्हणत नाही. माझ्या बायकोच्या मते हाच माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचा पुरावा आहे.

रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी हिंगोलीत उतरलो. जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. परभणी’ खरवडायचं काम निवांतपणे चाललेलं. एका रसवंतीवाल्यानं दोन्ही जिल्हे ठेवून दिले होते. उगाच कुणाला नाराज कशाला करा.

पुढे सेनगावमार्गे गोरेगावला जीप. जीप भरली तेव्हा मी हुश्श केलं, पण ड्रायव्हरचं मत वेगळं होतं. “जागा हाय,” तो म्हणाला आणि आणखी तिघं घेतले. “जागा हाय,” म्हणत एक शेळी घेतली. टपावर, बॉनेटवर, पायरीवर माणसं झाली. वाटेत एक म्हाताऱ्या बाई हात करून उभ्या होत्या. त्यांनी जीपकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कुठं हाय रं जागा?”

“बसा तर खरं, माय. बसल्यावर दिसती.”

त्या बसल्या आणि खरोखरच दिसली. ती नेमकी माझ्या मांडीवर होती.

गोरेगावात बँड शोधायला लागला नाही. बाजारापासून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापर्यंत आवाज येतच होता. दुकान दत्ताच्या वडिलांचं. जळालेल्या पाणमोटारींच्या ढिगाऱ्यात उभा राहून दत्ता बेस गिटार वाजवत होता. अँप्लिफायर त्यानं स्वतः जोडलेला. गाणारा आणि गिटार वाजवणारा गुलाब जवळच्या तांड्यावरचा. ड्रमवर शफी, ज्याच्या घराण्याची लग्नात वाजवणारी बँडपार्टी होती.

“काहून आले एवढ्या उन्हात?” गुलाबनं विचारलं. कॅसेट ऐकून आलो, असं सांगितल्यावर तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दत्ता धावत जाऊन चहा घेऊन आला, तोही डबल साखरेचा. म्हणजे मी मोठा पाहुणा ठरलो.

नावाचं काय, तर शेतातल्या मोटारींना लागणारी थ्री फेज वीज आली की झोपलेलं गाव उठून पळायला लागतं. “आमचं गाणं आलं की असंच झालं पायजे,” शफी म्हणाला. नंतर जरा पडल्या आवाजात त्यानं जोडलं, “परवापर्यंत तरी थ्री फेज हाये. मंग काय, चाचा सांगतील.”

दुपारी गुलाबनं मला तांड्यावर जेवायला नेलं. त्याच्या याडीनं (आईनं) गरम भाकरी, लसणाची चटणी आणि कढी वाढली आणि मी नको म्हणेपर्यंत वाढतच राहिली. तिथंच सगळा पेच कळला. ड्रम बँडचे नव्हतेच. ते शफीच्या चाचांचे, बँडमास्तर करीमचाचांचे होते. लग्नसराई आली होती आणि चाचांना ड्रम परत हवे होते, वाजवणाऱ्या शफीसकट. फार रडारड झाल्यावर त्यांनी एक शर्त घातली होती: कनेरगाव नाक्याच्या लग्नात परण्या (लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक) थ्री फेजनं वाजवायचा. फक्त स्वतःची गाणी. परण्या नाचला तर ड्रम त्यांचे. नाही नाचला तर शफीनं लाल कोट घालून बँडपार्टीत यायचं आणि थ्री फेजचा फ्यूज काढायचा.

“अन् तुम्ही दोघं?” मी विचारलं.

“दत्ता बापाच्या दुकानात मोटारी भरंल,” गुलाब म्हणाला. “मी पुण्याला कंपनीत. तुमच्याकडं लै जागा असती म्हणतेत.” तो हसला, पण याडी हसली नाही.

लग्नाच्या दिवशी नाक्यावर पोचलो. हिंगोली–वाशीम रस्त्याच्या कडेला ढाबे, ढाब्यांपुढं ट्रक आणि सगळ्यांवर सारखीच धूळ. शाळेत नवरदेवाचा जानवसा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रम, अँप्लिफायर आणि जनरेटर चढवलेले. माझ्याही हाती एक लांब बांबू दिला गेला. रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा त्यानं वर उचलायच्या, म्हणजे ट्रॉली खालून निघेल. पुण्याचा पाहुणा म्हणून एवढं मानाचं काम.

करीमचाचा लाल कोट घालून घोड्याशेजारी उभे होते. किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी, पायात जुनी चप्पल. त्यांनी पोरांना बँडपार्टीचा पहिला नियम पुन्हा ऐकवला. “तोंड पुढं, नजर रस्त्यावर. वाजवणाऱ्यानं मागं वळून पाहायचं न्हाई. नवरदेव आपला येतो बराबर.” बँडपार्टी पायी चालते; खड्डे, ट्रक, गुरं सगळं पुढूनच येतं. नियम शहाणपणाचाच होता.

परण्या निघाला. पहिल्या गाण्याला कुणी हललं नाही. पोरं हाताची घडी घालून उभी. नवरदेवाचे मामा ओरडले, “अरे, नागीण वाजवा नागीण!” गुलाबनं मान हलवली. मी चाचांच्या पायांकडं पाहिलं. बाकी चेहरा कसाही ठेवा, बँडमास्तरचा पाय खोटं बोलत नाही. तो दगडासारखा स्थिर होता. दोनच दिवसांची ओळख, पण ही पोरं हरू नयेत असं मला फार वाटत होतं.

तेव्हा गुलाबनं डोळे मिटले आणि नवं गाणं काढलं. “जागा हाय, जागा हाय, पाय बाहेर ठेवा.” त्या जीपचंच गाणं. टपावरची माणसं, पायरीवरचा मास्तर, मांडीवरची शेळी, सगळी त्यात होती आणि ते संपतच नव्हतं. शफी ड्रमवर तुटून पडला, दत्ताची मान बेसवर खाली, माझे डोळे तारांवर. जनरेटर असा धडधडत होता की मागून कुणी तोफ डागली असती तरी कळलं नसतं.

रस्त्यावर ट्रॉली थांबली आणि लोक नाचायला लागले. चहूबाजूंनी. मुंडासेवाले, टोपीवाले, बनियनवरचे ट्रकवाले, नटूनथटून आलेल्या बाया. “जागा हाय,” गुलाब म्हणायचा आणि शंभरेक माणसं ओरडायची, “जागा हाय!” मी बांबू उंच धरून त्याच्याच तालावर हलत होतो. कुकरची शिट्टी मनाला लावून घेणारा मी.

गाणं संपलं. दत्तानं मागं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “गुलाब्या, घोडं कुठंय?”

घोडं नव्हतं. नवरदेव नव्हता. ओळखीचं एकही माणूस नव्हतं. मारुतीचं देऊळ गावात, मागच्या गल्लीत होतं. परण्या रिवाजाप्रमाणे तिकडं वळला होता आणि आम्ही नजर पुढं ठेवून सरळ निघून आलो होतो. ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या नेहमीच्या ढाब्यावर सवयीनं ट्रॉली लावली होती. नाचलेलं वऱ्हाड वाशीमकडं निघालेलं, पंक्चर झालेल्या बसमधलं होतं.

एवढ्यात फटफटीवरून मामा आले, मागं करीमचाचा. “नवरदेव मारुतीपुढं मुका उभा हाय,” मामा फुत्कारले, “अन् हे दुसऱ्याच्या वऱ्हाडाला नाचवून राहिले!” आम्ही परत गेलो, चाचांनी स्वतः क्लॅरिनेट काढली आणि नागीण वाजवत नवरदेवाला मांडवात पोचवलं. शफीनं मुकाट्यानं साथ दिली.

बुंदी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीत पोरं नुसतीच घास चिवडत बसली. चाचांनी मात्र पोटभर जेवून हात धुतले आणि पोरांसमोर येऊन बसले.

“माझा परण्या तुमच्यावर नाचला न्हाई,” ते म्हणाले. “शर्त तुमी हारले.”

शफीनं खाली मान घालून हो म्हटलं.

“पण त्या पंक्चरवाल्यांना कोणी बलावलं व्हतं? लग्नात लोक नवरदेवासाठी नाचतेत, आमच्यासाठी न्हाई. जिंदगी गेली माझी, नवरदेव नसताना कोणी माझ्यावर नाचलं न्हाई.” ते खाकरले. “ड्रम ठेवा. पण एकाचं तोंड मागं पायजे. आपण कोणाला घेऊन चाललो, हे एकानं पाहत राहायचं.”

गुलाबनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मी पुण्याला परतलो तो कानात दडे बसवून आणि फार खूश होऊन.

पुढं दोन-चार वर्षांत थ्री फेजचं नाव झालं. मित्रानं त्यांची गाणी नीट रेकॉर्ड केली, कॉलेजांतून बोलावणी आली आणि एकदा पुण्यातच कार्यक्रम ठरला. सभागृह इतकं भरलं की मला जिन्यावर बसावं लागलं. रंगमंचावर गुलाब आणि शफी आमच्याकडं तोंड करून, दत्ता मात्र पाठ करून उभा. शेजारच्या चष्मेवाल्या तरुणानं मला समजावलं, “हा प्रस्थापित श्रोत्याचा निषेध आहे.” मी मान डोलावली.

‘जागा हाय’ सुरू झालं तसा मी उठून कडेनं विंगेत गेलो. मागच्या पडद्याला लागून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, लाल कोट घालून करीमचाचा बसले होते. दत्ताची नजर त्यांच्या पायांवर होती. जुन्या चपलेतला तो पाय ठेका धरून हलत होता.